काळ्या जमिनीत गलांडा पावसाळ्यातच का मरतो?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमची विहीर मार्च सरता सरता तळ गाठते, त्यामुळे अंगणातल्या फुलझाडांच्या वाट्याला उन्हाळ्यात फारसे पाणी येत नाही. गलांडा कमी पाण्यावर तग धरतो असे ऐकून मी मागच्या जूनमध्ये घरासमोरच्या काळ्या जमिनीत साठेक रोपे लावली. मला भीती उन्हाची होती. रोपे मात्र जुलैच्या झडीतच गेली. आधी खालची पाने पिवळी पडली, मग बुंधा काळा पडून झाड हलक्या हातानेही उपटून येऊ लागले. शेणखताच्या खड्ड्याजवळची चार-पाच वाचली, पण ती नुसतीच पाल्याने माजली आणि फुले मोजकीच आली. शिवाय सासूबाईंना काळजी वाटते की ही परदेशी वनस्पती गाजरगवतासारखी शेतात पसरेल. नेमके काय चुकले?

उत्तर (वर्धा जिल्हा)

ताई, लागवडीची जागा चुकली. गलांडा सूर्यफुलाच्या कुळातला असून त्याचे मूळ घर अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा आणि उत्तर मेक्सिकोची रेताड, उघडी माळराने हे आहे. तिथे पाणी पडले की लगेच खाली उतरते. आपली काळी जमीन भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि मुळांभोवती हवा उरत नाही; अशा जागी आठवडाभर झड लागली की मुळे कुजतात. खोल जाणारे सोटमूळ आणि पानांवरची लव यांमुळे हे झाड कोरड सोसते, पण साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. खताचेही तसेच आहे: हलक्या जमिनीची सवय असलेल्या झाडाला भरपूर नत्र मिळाले की पाला वाढतो आणि फुले कमी होतात.

उत्तर (वाशीम जिल्हा)

मी बरड जमिनीवर दसरा-दिवाळीच्या हारांसाठी गलांडा लावतो, त्या अनुभवावरून सांगतो. काळ्याच जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच वरंबा करून त्यात मुरूम किंवा वाळू मिसळा आणि पाण्याला बाहेर जायला उताराकडे वाट ठेवा. अंगणासाठी पावसाळी लागवडीपेक्षा हिवाळी लागवड मला जास्त भरवशाची वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस गादीवाफ्यावर बी टाकून ते बारीक मातीने जेमतेम झाका, कारण खोल गाडलेले बी नीट उगवत नाही. महिना-सव्वा महिन्याने रोपे फूटभर अंतरावर लावली की जानेवारीच्या सुमारास फुले सुरू होतात. पहिला महिनाभर मात्र पाणी चुकवू नका. हे झाड कोरड सोसते ते मूळ धरल्यानंतर, त्याआधी नाही. सुकलेली फुले खुडत राहिलात तर बहर लांबतो, आणि हे काम मी स्वतः रोज सकाळी करतो.

उत्तर (अमरावती जिल्हा)

सासूबाईंची शंका रास्त आहे, कारण गाजरगवत याच कुळातले असून तेही अमेरिकेतूनच आले आहे. गलांड्याचेही बी पडून आपोआप रोपे येतात, पण ती निंदणीत सहज निघतात आणि ओळखायलाही सोपी असतात: गाजरगवताची पाने गाजरासारखी बारीक चिरलेली असतात, तर गलांड्याची लांबट, लवयुक्त आणि फारशी न चिरलेली. शेताच्या बाजूने पसरू द्यायचा नसेल तर फुलाच्या पाकळ्या गळून जो गोल गोंडा उरतो, तो बी पिकण्याआधी तोडावा. घरात कोणाला गाजरगवताने अंगावर खाज येत असेल तर त्यांनी गलांडा हाताळताना हातमोजे घालावेत, कारण एकाच कुळातील वनस्पतींमुळे तोच त्रास होऊ शकतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गोठ्याच्या मागे मुरमाचा उंचवटा आहे आणि तिथे दिवसभर ऊन असते. यंदा सप्टेंबरमध्ये तिथेच बी टाकते. तिथे शेणखत अजिबात घालू नये का?

उत्तर (वाशीम जिल्हा)

लागवडीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत दर रोपाला एक ओंजळ पुरे आहे. त्यानंतर काही देऊ नका.