दार अडकतं ते उष्णतेमुळे नव्हे
उष्णतेने वस्तू वाढतात याची उदाहरणं देताना एकांनी रेल्वेच्या रुळांमधल्या फटींसोबत पावसाळ्यात अडकणारी दारंही 'उष्णतेने प्रसरण' या एकाच खात्यात टाकलीत. रुळांचं मान्य, पण मग दारं मे महिन्यात अडकायला हवी होती ना! लाकूड फुगतं ते हवेतल्या ओलाव्याने. तंतूंच्या भिंतींत पाणी शिरतं आणि तंतू एकमेकांपासून दूर ढकलले जातात. म्हणून फळी रुंदीला वाढते. लांबीतला फरक, अगदी ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत धरला तरी, साधारण ०.१ ते ०.२ टक्केच. दार कडीच्या बाजूला घासतं ते यामुळेच.

जुन्या सागवानी दारांत मधली फळी खाचेत मोकळी बसवलेली असते, ना खिळा ना सरस. फुगायला जागा हवी म्हणून. (त्या सुतारांना मानलं पाहिजे.)

आणि हो, जुलैत घाईने रंधा मारून घेऊ नका, दिवाळीनंतर दार आक्रसलं की फट पडते. त्यापेक्षा उन्हाळ्यात दाराच्या वरच्या-खालच्या कडा रंगवून घ्या. रंगारी त्या हमखास सोडतात, आणि उभ्या तंतूंची तोंडं तिथेच उघडी असल्याने ओल तिथूनच सगळ्यात लवकर शिरते.