खरा दावा, खोटा पुरावा : अब्रुनुकसानीत भरपाई आणि खर्चाचे काय होते?

दिवाणी_जिज्ञासू
नमस्कार. मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बदनामी खरोखरच झाली असेल, पण नुकसान फुगवून दाखवण्यासाठी वादीने शपथेवर खोटे सांगितले असेल, तर त्याचा दावाच फेटाळला जातो की केवळ भरपाई कमी होते? शिवाय दाव्याचा खर्च कोणावर बसतो?

जुना_वकील
इंग्लंडमधील क्रेग राइट विरुद्ध पीटर मॅककॉर्मॅक हा खटला नेमका याच प्रश्नावरचा आहे. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो आपणच आहोत, हा राइट यांचा दावा लबाडीचा असल्याचे मॅककॉर्मॅक यांनी २०१९ मध्ये ट्विटरवर लिहिले. खर्च झेपेना म्हणून मॅककॉर्मॅक यांनी सत्याचा बचाव, म्हणजे 'लिहिले ते खरेच आहे' हा पवित्रा, सोडून दिला होता, त्यामुळे वादीची बाजू बळकट होती. मात्र या ट्विटांमुळे अनेक परिषदांची आमंत्रणे रद्द झाली, असे राइट यांनी सांगितले, आणि आयोजकांकडून आलेल्या पुराव्यापुढे ते टिकले नाही. सुनावणी तोंडावर आली तेव्हा त्यांनी हा भाग सोडून दिला. न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये गंभीर हानी झाल्याचे मान्य केले, तरी जाणूनबुजून खोटी बाजू मांडल्याबद्दल भरपाई ठरवली अवघा १ पौंड. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही ती कायम ठेवली. थोडक्यात, दावा टिकला आणि भरपाई बुडाली.

दिवाणी_जिज्ञासू
आभारी आहे. गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलार यांनाही १ पौंडच मिळाला होता. ते याच प्रकारात मोडते का?

जुना_वकील
पूर्णपणे नाही. २००२ च्या त्या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) भर खोट्या साक्षीपेक्षा त्यांनी लाच घेतल्याच्या निष्कर्षावर होता. 'सन' या वृत्तपत्राने त्यांच्यावर लाच घेऊन सामने हरवल्याचा आरोप केला होता. ग्रोबेलार मुद्दाम गोल सोडत असत हे वृत्तपत्राला सिद्ध करता आले नाही, पण लाच घेणाऱ्याच्या अब्रूची किंमत फार ती काय, असा तो विचार. वृत्तपत्राच्या खर्चाचा बोजाही त्यांच्यावरच पडला. खोटेपणा निकालानंतर उघडकीस आला तरी सुटका नसते. कादंबरीकार आणि राजकारणी जेफ्री आर्चर यांना १९८७ मध्ये 'डेली स्टार'कडून मिळालेले ५ लाख पौंड, खोट्या साक्षीबद्दल २००१ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाल्यानंतर, खर्च आणि व्याजासह परत करावे लागले.

तालुका_न्यायालयातून
आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ नुसार जाणूनबुजून केलेल्या खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल प्रतिवादीला भरपाईदाखल खर्च देता येतो, पण त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती किमान १ लाख असावी असे सुचवले. व्यापारी दाव्यांपुरती ती काढूनही टाकण्यात आली, पण व्यक्तीच्या बदनामीचा साधा दावा सहसा त्या वर्गात बसत नाही. झेरॉक्स आणि टंकलेखनालाच तीन हजार रुपये जातात, हे इथे बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे व्यवहारात खरा जरब बसवणारा मार्ग खोट्या साक्षीच्या तक्रारीचा, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० चा आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ चा. त्यासाठीचा अर्ज वादीचे मूळ शपथपत्र आणि उलटतपासणीतली कबुली शेजारी-शेजारी ठेवून करावा. केवळ 'वादी खोटे बोलतो' असे लेखी म्हणण्यात लिहून भागत नाही.