मदत हवी आहे : आधी डिस्ने वर्ल्ड की आधी क्रूझ?

मंडळी, मुलगी पाच वर्षांची, धाकटा अडीचचा. ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड आणि पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणारी क्रूझ एकाच प्रवासात जोडायची आहे. बंदर पार्कपासून गाडीने साधारण तासाभरावर, त्यामुळे अंतराची चिंता नाही. अडलंय ते क्रमावर. माझा कल आधी पार्क, मग जहाज असा आहे. उन्हातली पायपीट आणि रांगा झाल्या की मुलांना जहाजावर निवांतपणा मिळेल. शिवाय जहाज कुणासाठी थांबत नाही. विमानाला उशीर झालाच तर मधले दिवस हाताशी असलेले बरे. पण ह्यांना वाटतं, पार्कनंतर मुलांना जहाज फिकं वाटेल. तुमचा अनुभव काय?

दुसरी काळजी धाकट्याची. तीन वर्षांखालच्या मुलांना पार्कचं तिकीट लागत नाही, हे छानच. पण जहाजावर डायपर न सुटलेल्या मुलांना मोठ्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, आणि किड्स क्लबही बहुधा तीन वर्षांपुढेच. मग एवढ्या लहान मुलाला तुम्ही दिवसभर कशात रमवलंत? केबिनमध्ये दुपारची झोप नीट लागते का? पार्क आणि जहाज यांच्यामध्ये एक दिवस नुसता आरामाचा ठेवावा का?