पोर्टल त्यांचं, टायपिंग आमचं

नागदेवीचा गाळा:

परवा एका सल्लागार साहेबांची पोस्ट वाचली. मजकूर थोडक्यात असा: "मोठ्या कंपन्यांनी खरेदीपासून पेमेंटपर्यंत सगळं इंटरनेटवर नेलं, मुंबईतला छोटा व्यापारी मात्र अजून वहीला चिकटून बसलाय. ज्याला जमत नाही त्याने शटर ओढावं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

नागदेवी स्ट्रीटला आमचं बेअरिंग आणि हँड टूल्सचं दुकान, वडिलांपासूनचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून हाताने लिहिलेलं एकही बिल आमच्याकडून गेलेलं नाही. ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागलं, तेही पहिल्या दिवसापासून काढतोय. तेव्हा वहीची गोष्ट आम्हाला सांगू नका.

कंपनी ऑनलाइन गेली म्हणजे काय झालं, ते माझ्या काउंटरमागे बसून बघा. पूर्वी ऑर्डर फॅक्सने यायची, माल चलनासोबत जायचा, त्यांचा स्टोअरवाला चलनावर शिक्का मारायचा आणि बिल त्यांचा कारकून चढवायचा. आता त्यांच्या व्हेंडर पोर्टलवरून, म्हणजे पुरवठादारांसाठीच्या वेबसाइटवरून, पीओ (खरेदीची ऑर्डर) मी डाउनलोड करायची, 'स्वीकारली' मी दाबायचं, टेम्पो निघायच्या आधी ओळीओळीचे नग मी भरायचे, बिलाचा नंबर, तारीख, कर सगळं मी टाइप करायचं आणि वर पीडीएफ जोडायची. त्यांच्या कारकुनाचं काम माझ्या दुकानातली मुलगी करते, पगार मी देतो. अशी ७ गिऱ्हाइकं, ७ पोर्टल, ७ पासवर्ड.

मार्चमधली गोष्ट. एका कारखान्याच्या पीओवर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर, चुकला होता. बेअरिंगचा ८४८२, त्यांनी भलताच टाकलेला. मी बिल बरोबर कोडने काढलं, पोर्टलने परत केलं: पीओशी जुळत नाही. पीओ बदलायचा अधिकार त्यांच्या खरेदीवाल्याला, तो सुट्टीवर. हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. पाचव्या दिवशी 'निकाली' म्हणून तिकीट बंद, बिल होतं तिथेच. पैसे आले ७१ व्या दिवशी. पूर्वी त्यांच्या अकाउंट्समध्ये जाऊन समोर बसलो असतो, पेनाने दुरुस्त करून घेतलं असतं आणि दुपारी जेवायला दुकानात परत आलो असतो.

इंटरनेटने कंपनीचं काम हलकं झालं, कबूल. ते काम गेलं कुठे, एवढंच विचारतोय.

बीकेसी खरेदी:

त्या टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या खरेदी विभागात, मी १४ वर्षं बसलोय, म्हणून लिहितो. 'समोर बसून पेनाने दुरुस्त' हे तुम्हाला सोयीचं, कारण तुम्ही नागदेवीहून येऊ शकता. कोइम्बतूरच्या पुरवठादाराने काय करायचं? ज्याची ओळख त्याचं बिल वर आणि बाकीच्यांची फाइल तळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एकच बिल दोनदा पास झालं होतं, एकदा मूळ प्रतीवर, एकदा झेरॉक्सवर. ऑडिटला सापडलं आणि ज्या कारकुनाची नोकरी गेली त्याने एक रुपया खाल्ला नव्हता. त्याच्यासमोर फक्त कागदांचा ढीग होता. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सुटायचे नाहीत, हा नियम त्यानंतर सिस्टिममध्ये बसवला. तो सैल केला की पुन्हा ओळखीचं राज्य.

एचएसएनची चूक कंपनीची असेल तर ते तिकीट तसं बंद करायला नको होतं. एवढं मानतो, जास्त नाही.

साकीनाका जॉबवर्क:

तुम्ही दोघं पोर्टलवर भांडताय, दुखणं वेगळंच आहे. माझ्याकडे २ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशिनं आहेत. माझ्या बिलासमोर हिरव्या अक्षरांत 'मंजूर' येतं, बाजूला पेमेंटची तारीख. ती तारीख जवळ आली की १५ दिवस पुढे सरकते. पूर्वी कारकून सांगायचा, साहेबांची सही राहिली. आता स्क्रीन सांगते.

४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, कोणी विचारत नव्हतं. मग आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. २०२४ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला कंपन्यांचे फोन आले, "उद्यम नंबर पाठवा, आजच आरटीजीएस करतो." उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. पोर्टल तेच, माणसं तीच. तेव्हा सिस्टिमला वेळ लागतो हे मला पुन्हा कोणी सांगू नये.

नागदेवी दादा, तुम्ही व्यापारी. तुम्हाला तोही आधार नाही.

नागदेवीचा गाळा:

माहीत आहे. २०२१ ला व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, ४५ दिवस आम्हाला लागू नाहीत. म्हणूनच ते ७१ दिवस डोक्यातून जात नाहीत.

डोंबिवली फास्ट:

मी 'दुकानातली मुलगी' इथेच अडकले. मी तीच आहे, दुसऱ्या पेढीतली. बी.कॉम., ११ वर्षं टॅलीवर हिशोब. दादा, तुमच्या धंद्याचं इंटरनेट तुमच्या काउंटरवर चालत नाही, आमच्या मोबाइलवर चालतं, आमच्या रिचार्जवर. रात्री ११ ला चलनाचा तिरका फोटो येतो, त्यावर शेठच्या अंगठ्याची सावली, खाली 'ताई एवढं चढवून टाक'. मी तो फोटो मोठा करून करून नग वाचते आणि पोळ्या सासूबाई लाटतात.

मशीद बंदरची आधीची नोकरी सोडली तेव्हा जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर माझाच होता. पुढचे ८ महिने त्यांचे ओटीपी मला. एका २० तारखेला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, मुलाला ताप म्हणून दवाखान्यात बसले होते, जुन्या मालकांचे ९ मिस्ड कॉल. रिटर्न चुकलं तर त्यांना दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि अपराधी वाटत होतं मला. त्या ८ महिन्यांत एकदाही कोणाला नंबर बदलावासा वाटला नाही.

नागदेवीचा गाळा:

माझ्या दुकानात असं चालत नाही. ती ७ ला निघते.

डोंबिवली फास्ट:

निघते ना. पोर्टलवर नंबर कोणाचा आहे?

नागदेवीचा गाळा:

मी धंद्याचं दुखणं सांगायला आलो आणि तुम्ही मलाच आरोपी केलंत! मालक रात्री १ पर्यंत गिऱ्हाइकांचे मेसेज बघतो, त्याचा हिशोब कोणी मांडलाय का? कर्ज माझ्या नावावर आहे, दुकानाचं भाडं मी भरतो.

कांजूर सेल्स:

दादा, मालकाला त्या मेसेजमागे नफा आहे. मला काय? वडिलांच्या दहाव्याला बाणगंगेवर बसलो होतो. कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझं नाव टाकून प्रश्न: 'स्टॉक अपडेट?' नेमका तेव्हाच भटजींचा फोन आलाय का बघायला मोबाइल उघडला, मेसेजला निळी खूण पडली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने विचारलं, "पाहिलं होतंस ना, मग उत्तर का नाही दिलंस?" कंपनीने आम्हाला लॅपटॉप दिला नाही, मेल आयडी दिला नाही. १४ ग्रुप दिले.

बीकेसी खरेदी:

हे सगळं खरं असेल, पण धागा व्हेंडर पोर्टलचा आहे. व्हॉट्सअॅपची तक्रार वेगळी मांडा.

डोंबिवली फास्ट:

वेगळी नाही. काम गेलं कुठे, असं दादांनी विचारलं. तुमच्या ऑफिसातून ते त्यांच्या दुकानात आलं आणि दुकानातून माझ्या लोकलमध्ये. दादा मधल्या स्टेशनवर उभे आहेत म्हणून त्यांना फक्त एक बाजू दिसते. मी भांडूप ते ठाणे एका हाताने कडी धरून तुमच्यासारख्यांचे पीओ नंबर टाइप केलेत, मला विषय सांगू नका.

दलाल स्ट्रीट, निवृत्त:

कागदाचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहितो. १९८८ पासून मी एका शेअर दलालाच्या डिलिव्हरी खात्यात होतो. सर्टिफिकेटला ट्रान्स्फर फॉर्म टाचायचा, थैलीत भरायचा, या जिन्यावरून त्या जिन्यावर. विकणाऱ्याची सही जरा हलली की बॅड डिलिव्हरी. कागद महिन्या-दोन महिन्यांनी परत, तोवर भाव कुठल्या कुठे. फक्त सही जुळत नाही म्हणून एका म्हाताऱ्या बाईंना मी तीनदा बोरिवलीहून बोलावलंय. शेवटच्या वेळी त्यांचा हात इतका थरथरत होता की मीच फॉर्म बाजूला ठेवला.

१९९४ ला एनएसईने पडद्यावर सौदे सुरू केले, १९९५ ला बीएसईची तशीच व्यवस्था, बोल्ट, आली. पण आमची सुटका झाली ती १९९६ ला एनएसडीएल, म्हणजे शेअर कागदाऐवजी डिमॅट खात्यात ठेवणारी संस्था, आल्यावर. देणाऱ्याचाही कागद गेला आणि घेणाऱ्याचाही, कारण व्यवस्था अख्ख्या बाजाराला एक होती. प्रत्येक कंपनीने आपापलं डिमॅट काढलं असतं तर मी निवृत्तीपर्यंत थैलीच वाहिली असती. नागदेवीकर, पेनाच्या दुरुस्तीची बाजू घेऊ नका. तुमचं भांडण ७ पोर्टलांशी आहे, तेच भांडा.

नागदेवीचा गाळा:

ठीक, पेनाचं वाक्य मागे घेतो. बाईंचं वाचल्यावर मागे घेतलंच पाहिजे.

मग बीकेसीवाल्यांनी याचं उत्तर द्यावं. ई-इनव्हॉइस तर देशभर एकच आहे. माझं बिल सरकारी पोर्टलवर नोंदतं, आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) मिळतो, बिलावर क्यूआर छापून येतो. तेच बिल ७ ठिकाणी पुन्हा हाताने का भरायचं?

बीकेसी खरेदी:

तांत्रिक अडचण नाही. आयआरएनवरून बिल आमच्या सिस्टिममध्ये सरळ घेता येतं, मोठ्या पुरवठादारांसाठी आम्ही ते केलंय. छोट्यांसाठी दोनदा प्रस्ताव दिला, दोन्हीदा परत आला. जोडणीचा खर्च आमच्या बजेटमध्ये दिसतो. तुमच्या टायपिंगचा खर्च आमच्या कुठल्याच खात्यात दिसत नाही.

साकीनाका जॉबवर्क:

१४ वर्षांच्या माणसाने हे लिहून दिलं. सल्लागार साहेबांना पाठवा कोणीतरी.

नागदेवीचा गाळा:

डोंबिवलीच्या ताई, तुमचं बोलणं लागलं मला, रात्री झोप नव्हती. सकाळी लॉगिन करून पाहिलं. नंबर तिचाच. दुकानासाठी साधा फोन आणि नवीन सिम घेतलं. जीएसटी, मालवाहतुकीचं ई-वे बिल आणि ७ पैकी ४ पोर्टलांवर दुपारपर्यंत नंबर बदलला. उरलेल्या ३ ठिकाणी 'बदलासाठी खरेदी विभागाशी संपर्क साधा' असं येतंय. फोन रात्री गल्ल्यात राहील.

डोंबिवली फास्ट:

त्या ३ ठिकाणचे मेल तुम्ही स्वतः लिहा, दादा. तिला सांगू नका.