रिसॉर्टच्या विहिरींची पाणी-भरपाई ओढ्याला नेमकी कधी पोचते?

पाणपट्टी (धागाकर्ती)

डोंगरात रिसॉर्ट उभं राहतं, ओढ्याचं पाणी थेट उचलायला परवानगी नसते, म्हणून विहिरी घेतात. ओढ्याचं काय, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं: "आम्ही भरपाई करू." म्हणजे कुणाचा तरी सिंचनाचा हक्क विकत घेऊन ते पाणी नदीतच राहू द्यायचं, नाहीतर तळ्यात साठवून सोडायचं, नाहीतर पुनर्भरण करायचं. वर्षाच्या शेवटी उपसा आणि भरपाई यांची बेरीज जुळली की झालं.

माझं म्हणणं एवढंच की ही वर्षाची बेरीज बंद करा. ज्या महिन्यात ओढ्याला सगळ्यात कमी पाणी असतं त्या महिन्यात, आणि विहिरीमुळे जिथे पाणी घटतं त्याच पट्ट्यात भरपाई मोजा. तिथे कमी पडली तर उपसा कमी करा.

मी दोन हंगाम एका डोंगरी ओढ्यावर रोज सकाळी व्ही-नॉचची, म्हणजे आडव्या बांधातल्या व्ही आकाराच्या खाचेतून वाहणारं पाणी मोजायची, पट्टी वाचली आहे. कोरड्या दिवसांत पाणी १८ सेंटिमीटरवर थांबायचं. ९० अंशांच्या खाचेतून म्हणजे सेकंदाला साधारण १९ लिटर. वरच्या अंगाच्या विहिरी पूर्ण जोरात सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत पट्टी साडेसोळावर आली. दीड सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण सेकंदाला पावणेचार लिटर गेले. ओढ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा! काठाकडच्या ज्या दगडांवर कायम ओलं शेवाळ असायचं ते पांढरट पडले. एक दगड उलटून पाहिला तर खाली पाणकिड्यांच्या अळ्यांची वाळूची घरटी सुकून चिकटलेली होती. त्या वर्षाची भरपाई कागदावर पूर्ण होती. पाणी सोडलं होतं बर्फ वितळताना, ओढा दुथडी वाहत असताना.

भूस्तर

ताई, तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही. कोरड्या दिवसांत ओढा आपोआपही आटत जातो. ते दीड सेंटिमीटर विहिरींनीच नेले हे कशावरून?

दुसरं, विहिरीला महिन्याचं गणित लावताच येत नाही. भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९४०मध्येच मांडलं होतं की विहिरीचं पाणी सुरुवातीला भूगर्भातल्या साठ्यातून येतं आणि पुढे कुठल्या ना कुठल्या झऱ्याच्या किंवा नदीच्या वाट्यातून. ग्लोव्हर आणि बाल्मर यांनी १९५४मध्ये ओढ्याची घट किती वेगाने होते याचं सूत्र दिलं. त्यात अंतराचा वर्ग येतो. खडक तोच असेल तर ओढ्यापासून २०० मीटरवरच्या विहिरीच्या तुलनेत ४०० मीटरवरच्या विहिरीचा परिणाम पोचायला चौपट वेळ लागतो. पुरेशा लांबच्या विहिरीत उपसा उन्हाळ्यात झाला काय किंवा हिवाळ्यात, ओढ्यावर वर्षभर सपाट, बारीक घट दिसते. अशा ठिकाणी एकाच महिन्याचा निकष अर्थहीन आहे.

आणि उपसलेलं सगळं पाणी संपतही नाही. घरातल्या वापरातलं, सांडपाणी शुद्ध होऊन परत जात असेल तर, फार तर ५ ते १० टक्के खर्ची पडतं असं धरतात. हिरवळीला दिलेल्या पाण्याचा मात्र बहुतांश उडून जातो. भरपाई खर्ची पडलेल्या पाण्याची हवी. एकूण उपशाची मागणं अन्यायाचं आहे.

पाणपट्टी

शेजारच्या खोऱ्यातल्या, विहिरी नसलेल्या ओढ्यावरही पट्टी होती. तिथे त्याच आठवड्यांत पाणी दोन-तीन मिलिमीटरच उतरलं. म्हणून म्हणते.

खर्ची पाण्याचा हिशेब संपूर्ण खोऱ्यासाठी बरोबर आहे, ओढ्याच्या एका टप्प्यासाठी नाही. समजा रिसॉर्ट दिवसाला ३ लाख लिटर उपसतं: २ लाख खोल्या-स्वयंपाकघरांना, १ लाख हिरवळीला. तुमच्या रीतीने पहिल्यातले २० हजार आणि दुसऱ्यातले ८० हजार गेले, म्हणजे भरपाई १ लाखाची. पण शुद्ध केलेलं सांडपाणी तीन किलोमीटर खाली सोडलं, तर मधल्या तीन किलोमीटरांत अख्खे ३ लाख कमी आहेत, सेकंदाला साडेतीन लिटर. मासा त्याच तीन किलोमीटरांत राहतो.

पाटकरी

भरपाईचं पाणी येतं कुठून, हे कोणी बोलत नाही. आमच्यासारख्यांच्या पाटातून.

अमेरिकेत ओरेगॉनच्या देशूट्स खोऱ्यात २००२पासून नियम आहे: नवीन भूजल परवाना हवा तर आधी भरपाई आणा, आणि सगळे नवे परवाने मिळून २०० क्युसेकच्या आत. तिथे सिंचनाचे हक्क नदीत सोडून त्याचे "क्रेडिट" विकले जातात. सिंचनाचं पाणी असतं सिंचनाच्या हंगामापुरतं, रिसॉर्टचा उपसा बारा महिने, त्यामुळे इथे ताईंशी सहमत. पण अजून एक आहे. कालवे गळतात, ती गळती जमिनीत जाते आणि खालचे झरे त्यावर चालतात. अस्तर टाकून "वाचवलेलं" पाणी नदीत सोडलं की वर पाणी वाढतं आणि खाली झरा बारीक होतो. झऱ्याचं पाणी थंड असतं, ट्राउटला तेच लागतं. म्हणजे लिटरला लिटर जुळलं तरी मासा हरला.

नियम कडक करा, जरूर करा. पण जितका कडक कराल तितकी आमच्या हक्कांची किंमत चढेल आणि शेतं पडीक राहतील. तेही कुठल्या तरी पट्टीवर वाचा.

भूस्तर

कडक नियमांचं काय होतं ते वॉशिंग्टन राज्यात बघा. २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने येल्म शहराची भरपाई योजना फेटाळली. कमी पडणाऱ्या पाण्याच्या बदल्यात नदीकाठ सुधारणं वगैरे कामं त्यात होती. न्यायालय म्हणालं, ठरवून दिलेल्या किमान प्रवाहाला कायमची बाधा आणायला एवढं पुरेसं नाही. २०१६मध्ये त्याच न्यायालयाचा हर्स्ट खटल्यातला निकाल आला आणि ग्रामीण भागातल्या साध्या घरगुती विहिरींवर बांधकाम परवाने अडकले. लोक इतके वैतागले की २०१८मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून घरगुती विहिरींना वाट मोकळी केली आणि ओढे सुधारायला १५ वर्षांत ३० कोटी डॉलर ठेवले. दोर जास्त ताणला की तुटतो. मला नव्वद टक्के भरपाई आज चालेल, शंभर टक्के दहा वर्षं कोर्टात नको.

वरचाडोंगर

मी एका रिसॉर्टच्या पंपहाउसवर सात वर्षं होतो. खरी मारामारी कृत्रिम बर्फाची असते. सुरुवातीच्या हिवाळ्यात, ओढा गोठून बारीक झालेला असताना, आम्हाला सगळ्यात जास्त पाणी लागायचं. त्यातलं बरंचसं वसंतात वितळून परत येतं हे खरं, पण ट्राउटच्या काही जातींची अंडी त्याच हिवाळ्यात ओढ्याच्या तळातल्या खडीत असतात. पाणी उतरलं की ती गोठतात.

उपाय आहे आणि तो महाग आहे: तळं. बर्फ वितळताना भरायचं, पुढच्या हिवाळ्यात त्यातूनच बर्फ करायचा आणि त्या काळात विहिरी बंद ठेवायच्या. आमच्याकडे हे झालं, मालकांनी कुरकुर केली आणि खर्च केला. कोणाच्या पाटाला हात लावावा लागला नाही.

एक मात्र भूस्तर यांच्या बाजूने सांगतो. पट्टी खाली गेली की पंप बंद, हा नियम जवळच्या विहिरीलाच लागू पडतो. लांबची विहीर बंद केल्यावरही घट कितीतरी दिवस चालू राहते, कधीकधी वाढतेही.

पाणपट्टी

हे मान्य, आणि माझ्या धाग्यात ते सुटलं होतं. लांबच्या विहिरींसाठी निर्णय वसंतातच घ्यावा लागेल, डोंगरावर किती बर्फ साठला ते मोजून. साठा कमी असेल त्या वर्षी उपशाची मर्यादा आधीच खाली आणायची. जवळच्या विहिरींना पट्टीचा नियम. आणि तळं परवानगीच्या अटीतच हवं, नंतर नाही.

नव्वद टक्के चालेल म्हणता, तर उरलेले दहा कुठल्या महिन्यातले ते आधी सांगा. पुराच्या दिवसांतले असतील तर आत्ता सही करते.

पाटकरी

आणि पट्टी वाचणारा माणूस कोणाच्या पगारावर असेल, रिसॉर्टच्या की खोऱ्याच्या?