सूर्यनमस्कार पाच हजार वर्षांचे आहेत का, आणि आईच्या पाठीला योग चालेल का?

प्रश्न (सेलूकर, जि. परभणी):
आमच्या गावी मारुतीच्या देवळासमोर पहाटे योगवर्ग सुरू झाला आहे. शिक्षक सांगतात की सूर्यनमस्कार पाच हजार वर्षांपूर्वीचे असून पतंजलींनी चौऱ्याऐंशी आसने लिहून ठेवली आहेत. हे खरे आहे का? दुसरे असे की, माझी आई कापूस वेचणीला जाते. वर्गात तिला पाय लांब करून पुढे वाकायला लावले, त्या दिवसापासून तिची कंबर जास्तच धरली आहे. तिने वर्ग सोडून द्यावा का?

उत्तर १ (निवृत्त संस्कृत शिक्षक, अंबाजोगाई):
पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे 195 सूत्रे आहेत आणि त्यांपैकी आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन आली आहेत. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर बसणे ते आसन, एवढीच त्यांची व्याख्या. एकाही आसनाचे नाव सूत्रांत नाही. चौऱ्याऐंशी हा आकडा हठयोगाच्या (आसने व श्वास यांवर भर देणाऱ्या योगाच्या) परंपरेतला असून, पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या ग्रंथात स्वात्मारामांनी तो शिवाच्या नावे सांगितला आहे, पण प्रत्यक्षात वर्णन पंधरा आसनांचेच केले आहे. आज ज्या स्वरूपात सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसाराचे मोठे श्रेय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना जाते, आणि ते विसाव्या शतकातले. सूर्योपासना प्राचीन आहे, हे मात्र निर्विवाद.

पतंजलींचे मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांत त्यांनी पहिला क्रमांक ‘व्याधी’ला दिला, आणि दुःख, खिन्नता, अंगाचा कंप व विस्कळीत श्वासोच्छ्वास ही विचलित मनाची सोबती लक्षणे म्हणून लगेच पुढच्या सूत्रात नोंदवली. त्यावरच्या अनेक उपायांत श्वास बाहेर सोडून धरण्याचाही एक उपाय आहे.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, लातूर):
ज्या बाईने दिवसभर कमरेत वाकून बोंडे वेचली, तिला पहाटे पुन्हा पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून पुढे वाकणे) देणे, म्हणजे दुखण्याचीच उजळणी करून घेणे होय. माझ्याकडे वेचणीच्या दिवसांत येणाऱ्या बायकांना मी आधी मकरासनात पालथे झोपवते, दुखणे वाढत नाही असे पाहून कोपरांवर टेकून छाती थोडी उचलायला सांगते आणि जमेल तसे भुजंगासनाकडे नेते. मात्र दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पायातली ताकद कमी झाली असेल, तर आसने थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

दीर्घकालीन कंबरदुखीत औषधांच्या आधी करून पाहण्याजोग्या उपायांत योगाचा समावेश अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संघटनेने 2017 मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत केला, त्यामुळे वर्ग सोडायची गरज नाही. शिक्षकांना कंबरेचे आधी सांगून ठेवावे, एवढेच. त्यांना राग आला तर येऊ द्या.

श्वासाविषयी वरील सरांनी लिहिले, त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून मिनिटाला साधारण सहा श्वास, आणि सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब, असे पाच मिनिटे केले तरी पुष्कळांना शांत वाटते. रक्तदाब असल्यास श्वास रोखून धरू नये, शीर्षासन टाळावे आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

उत्तर ३ (गोदाकाठी, पैठण):
एक राहून गेले. आपल्याकडे हा विषय संस्कृतातच अडकून पडला नाही. पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यात नाथपंथ आला आणि गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना, त्यांच्याकडून ज्ञानदेवांना मिळालेला योग शके 1212 (इ.स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘पंथराज’ म्हणून मराठीत उतरला. मूळबंध, जालंधर (स्नायू आवळून धरण्याचे बंध), कुंडलिनी (शरीरात सुप्त मानलेली शक्ती) हे सारे तिथे आहे, आणि तेही हठप्रदीपिकेच्या आधी.

सेलूकर:
सर्वांचे आभार. काल आईने सतरंजीवर पालथे पडून दहा श्वास मोजले. सहाव्या श्वासाला तिला झोप लागली, आणि मी तिला उठवले नाही. दुखणे पायात उतरत नाही, असे मी विचारल्यावर तिने सांगितले. आज शिक्षकांशी बोलणार आहे. चौऱ्याऐंशीचा विषय मात्र सध्या काढत नाही.