मदत हवी आहे: स्नूकरमध्ये साईड दिली (मध्याच्या डावीकडे-उजवीकडे मारलं) की पांढरा चेंडू लाईन सोडतो. हॅण्ड-स्प्लाइस (मागचा भाग हाताने जोडलेला) क्यू घेऊ की आहे त्याची टिप (चेंडूला लागणारं टोक) बारीक करू?

ब्राऊन_स्पॉट
क्यू ॲशचा, थ्री-क्वार्टर जॉइंट (दोन तुकडे, जोड पाऊण लांबीवर), ५७ इंच, १८ औंस, मशीन-स्प्लाइस, टिप ९.५ मिमी. साईड देऊन लांबचा पॉट मारला की पांढरा ठरल्या जागी लागत नाही. शिवाय जॉइंटच्या आसपास ‘कट’ असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो हॅण्ड-स्प्लाइस घ्या. क्लबचा मार्कर (गुण मांडणारा) म्हणतो शाफ्ट (पुढचा निमुळता दांडा) घासून टिप ९ मिमी करा. नक्की काय करू?

रंधा_आणि_सरस
हॅण्ड-स्प्लाइसने हे सुटणार नाही. दोन्ही प्रकार बनतात कसे ते बघितलं की कारण कळेल.

हॅण्ड-स्प्लाइसमध्ये ॲशचा दांडा बटाच्या, म्हणजे मागच्या जाड भागाच्या, शेवटापर्यंत अखंड जातो. मागच्या भागाला रंध्याने चार उतरते सपाट पैलू पाडतात आणि प्रत्येक पैलूवर आबनूसची पट्टी सरसाने चिकटवून दाबून ठेवतात. ती पक्की झाली की रंधा मारायचा, मग पुढची पट्टी. शेवटी सगळं गोल करताना सपाट सांधा गोल पृष्ठभागाला छेदतो, म्हणून काळ्या पट्टीचं टोक पाकळीसारखं गोलसर येतं. चारही टोकं अगदी एका उंचीवर नसतात, आणि हीच हाताच्या कामाची खूण. मशीन-स्प्लाइसमध्ये ॲश आणि आबनूस दोन्हीला खाचा पाडून एकमेकांत बसवतात. टोकं करवतीच्या दातासारखी अणकुचीदार आणि सारखी येतात, आणि ॲश बटातच संपतो.

याचा परिणाम तोल, हाताला जाणवणारा ठोका आणि सांध्याचा टिकाऊपणा यांवर होतो. आबनूस ॲशच्या दीडपटीहून जड, त्यामुळे तो जितका जास्त तितका तोल मागे. वजन कमी पडलं तर बटात भोक पाडून शिसं भरतात. क्यू बोटावर तोलून बघा. बटाच्या टोकापासून १६ ते १८ इंचांवर तोल आला तर ठीक.

साईडला पांढरा विरुद्ध बाजूला सरकतो ते शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाच्या वजनामुळे. टिप आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढेच, तेवढ्यात मागच्या लाकडाला पत्ताही लागत नाही. बटावर पैसे घाला, हरकत नाही, पण ते दिसण्यासाठी आणि हाताला बरं वाटण्यासाठी.

निळा_खडू
मार्करच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण हिशोब करून बघा. ९.५ चं ९ केलं तर टोकाचं वजन सुमारे १० टक्क्यांनी घटतं, कारण ते व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. ताठपणा मात्र चौथ्या घाताप्रमाणे, म्हणजे जवळजवळ १९ टक्क्यांनी जातो. जोरदार स्क्रूला (पांढरा मागे आणायच्या फटक्याला) क्यू लवलवायला लागला की मग तीच तक्रार. घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि टिपेखालचं धातूचं कडं, म्हणजे फेरूलही, नवं लागतं.

त्याआधी फेरूल बघा. १० मिमी लांब, आत ८ मिमी भोक असलेलं पितळी फेरूल पावणेदोन ग्रॅम भरतं. शाफ्टच्या टोकाचं १० सेंमी लाकूड मिळून पाच ग्रॅमच्या आसपास! फेरूल १२-१३ मिमीचं असेल तर ते ८ चं करून घेणं हा स्वस्त उपाय. टिप चपटी होऊन फेरूलच्या बाहेर आली असेल तर तीही बदला.

टॉप_कुशन
आधी मोजा, मग घासा. टेबल रिकामं करा. पांढरा ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवा, वरच्या कुशनच्या मधोमध रेलवर खडू ठेवा. क्यू शक्य तितका आडवा धरा आणि ब्लू, पिंक, ब्लॅक या स्पॉटांवरून सरळ मारा. जोर एवढा की चेंडू परत बॉक लाईनपर्यंत (ब्राऊनचा स्पॉट असतो त्या आडव्या रेषेपर्यंत) यावा. हळू मारलात तर साईडने चेंडू वळतो आणि माप चुकतं. मध्यावर पाच, डाव्या साईडने पाच, उजव्या साईडने पाच. साईड मध्यापासून ९-१० मिमी पुरे, १३ च्या पुढे मिसक्यू होतो, म्हणजे टिप घसरते. कुशनला कुठे लागतो ते दुसऱ्याला बघायला सांगा. बॉक लाईन ते वरचं कुशन २८३ सेंमी, म्हणजे एक अंशाला जवळजवळ ५ सेंमी.

ब्राऊन_स्पॉट
मोजलं. सरासरी: मध्यावर मारल्यावर उजवीकडे अडीच सेंमी. डाव्या साईडला उजवीकडे ११, उजव्या साईडला डावीकडे ६. फेरूल ९ मिमीचं निघालं.

टॉप_कुशन
बघा, क्यूचा दोष असता तर दोन्ही बाजू सारख्या आल्या असत्या. ११ आणि ६ ची सरासरी साडेआठ, म्हणजे पावणेदोन अंशांच्या आतबाहेर. एवढं पांढऱ्याचं सरकणं बहुतेक क्यूंना असतंच, नेम धरतानाच ते धरायचं. उरलेले अडीच सेंमी दोन्ही साईडला उजवीकडेच, आणि मध्यावर मारतानाही तेवढेच. म्हणजे हात अर्धा अंश उजवीकडे जातोय. टिपला हात लावू नका.

रंधा_आणि_सरस
आवाजाचं: जॉइंट घट्ट करून क्यू उभा धरा, बटावर मुठीने हलके ठोका. आवाज बटाच्या तळातून आला तर शिशाचा बोल्ट किंवा एक्स्टेन्शन (लांबी वाढवायचा तुकडा) बसवायचं बुश सैल. जॉइंटमधून आला तर पितळी तोंडं कापडाने पुसा, आट्यांना किंचित मेण लावा. तरीही थांबला नाही तर पितळाचं चिकटवण सुटलंय, कारागिराकडे द्या. क्यू वाकलाय का हे टेबलावर लोळवून ठरवू नका. रंध्याने केलेला दांडा पूर्ण गोल नसतो, सरळ असूनही डुगडुगतो. बटाकडून टिपेकडे एक डोळा मिटून बघा, फिरवत. दोन तुकडे वेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे दिसले, तर दोष जॉइंटच्या तोंडात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ॲश फुगतो आणि चिकटतो. खेळून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा, वर्षातून दोनदा जवसाचं तेल बोटभर लावून लगेच पुसून काढा. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात; पाण्यात भिजवूनच फेका. आणि क्यू भिंतीला टेकवून ठेवायचा नाही.

ब्राऊन_स्पॉट
आवाज तळातून येतोय. बोल्टच सैल आहे.